जुनी स्टीलची स्कुबा टाकी हाताला लागली? आधी तिचा खांदा वाचा

जुनी टाकी मिळाली की माणूस पहिलं काय करतो, तर व्हॉल्व्ह फिरवून बघतो आत हवा आहे का. मी पण तेच केलं होतं. फुस्स आवाज आला, जरा वेळ हवा येत राहिली, मग हळूहळू कमी होत बंद पडली. म्हटलं चला, रिकामी झाली, आणि पाना घेऊन व्हॉल्व्हच काढायला बसलो. नशीब बघा, तो इतका जाम होता की हलला नाही. दुसऱ्या दिवशी टाकी उचलून तपासणाऱ्याकडे नेली, त्याने एक शब्द न बोलता व्हॉल्व्हच्या बाजूची छोटी दांडी खाली ओढली आणि टाकी परत फुसफुसायला लागली, ती बराच वेळ थांबेचना. तो माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण नवखे लोक इथेच फसतात. तो व्हॉल्व्ह होता जे-व्हॉल्व्ह, म्हणजे रिझर्व्हवाला. त्यात एक स्प्रिंग असते, टाकीतलं प्रेशर साधारण ३०० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास आलं की ती स्प्रिंग हवेची वाट बंद करते. म्हणजे दांडी वर असताना तुम्ही कितीही वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आत ३०० पीएसआय, म्हणजे २० बार (बार हे प्रेशरचं दुसरं माप) उरलेलेच असतात. व्हॉल्व्हच्या तोंडाचा घेर बघितला तर २० बारला सुद्धा त्या पितळी तुकड्यावर शंभर किलोच्या आसपास जोर असतो, आणि मी त्याच्या बरोबर वर तोंड घालून बसलो होतो.

म्हणून पहिला नियम: टाकी भरलेलीच आहे असं धरून चाला. दांडी असेल तर खाली ओढा, टाकी आडवी पडून गडगडणार नाही अशी टेकवा, व्हॉल्व्हचं तोंड कुणाच्या अंगाकडे नको, आणि अगदी सावकाश उघडा. हवा आली नाही तरी खूश होऊ नका, कारण व्हॉल्व्हच्या खाली टाकीच्या आत एक बारीक नळी असते आणि ती गंजाच्या चुऱ्याने बुजली असेल तर आत पूर्ण प्रेशर असूनही बाहेर काही येत नाही. व्हॉल्व्ह काढायचं काम तपासणाऱ्यावर सोडा. सुरुवातीचा जोर सुटल्यावर रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह हाताने फिरायला पाहिजे, फिरत नसेल तर आत काहीतरी ढकलतंय असं समजायचं आणि लांब व्हायचं.

आणि हो, त्या टाकीतली हवा श्वासात घ्यायची नाही, गंमत म्हणून सुद्धा नाही. आत पाणी राहिलेलं असेल, त्यातून खारं, तर लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. बंद टाकीत वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर जे उरतं ते बहुतेक नायट्रोजन. गेजवर प्रेशर थोडंसंच कमी दिसतं, वास नाही, चव नाही, गुदमरल्यासारखं पण वाटत नाही कारण गुदमरल्याची भावना कार्बन डायऑक्साइडने येते, ऑक्सिजन कमी झाल्याने नाही. माणूस सरळ बेशुद्ध पडतो. तर ती हवा सोडून द्या, मोकळ्या जागेत.

स्टीलचीच आहे ना?

हे सोपं आहे, लोहचुंबक लावा. चिकटलं तर स्टील. ॲल्युमिनियमच्या टाकीचं बूड सपाट असतं आणि ती आपली आपण उभी राहते, जुन्या स्टीलच्या टाकीचं बूड बहुतेक वेळा गोल असतं, त्यामुळे तिच्या खाली रबराचा किंवा प्लॅस्टिकचा बूट चढवलेला असतो. या बुटाचं पुढे बोलू, तो दिसतो तितका साधा नाही.

ॲल्युमिनियम निघाली तर तो वेगळा विषय आहे. एवढंच सांगतो की १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंतच्या बऱ्याच ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या होत्या आणि त्यांच्या गळ्याला आतून तडे जाण्याचा प्रकार असतो. जुन्या स्टीलला ते दुखणं नाही. माझं तर मत आहे की पन्नास वर्षांची कोरडी राहिलेली स्टीलची टाकी दहा वर्षांच्या ओल्या टाकीपेक्षा कधीही बरी. टाकीचं वय बघून घाबरू नका, पाण्याला घाबरा.

खांद्यावरचे शिक्के

टाकीचा जो वरचा गोलसर भाग गळ्याकडे जातो त्याला खांदा म्हणू. सगळी जन्मकुंडली तिथे ठोकलेली असते. रंगाखाली दबली असेल तर साधा रंग काढायचा द्राव लावा आणि प्लॅस्टिकच्या ब्रशने घासा, ग्राइंडर, सँडपेपरची डिस्क, छिन्नी असलं काही तिथे फिरवायचं नाही, शिक्का पुसट झाला की टाकी तपासणारा हातच लावत नाही. अक्षरं दिसत नसतील तर खडू आडवा घासा किंवा अंधारात बाजूने टॉर्च मारा, सावलीत खड्डे छान उठून दिसतात. मी तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती, लहानपणी नाण्याचा छापा काढायचो तशी.

आता समजा अमेरिकन टाकी आहे, कारण जुन्या टाक्यांमध्ये त्याच जास्त हाताला लागतात. पहिल्या ओळीत असं काहीतरी असेल: डीओटी-३एए२२५०. यातलं डीओटी म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. त्या जागी आयसीसी असेल तर क्रिकेटशी काही संबंध नाही, डीओटीच्या आधी हे काम इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे होतं, डीओटी १९६७ मध्ये सुरू झालं, म्हणून आयसीसी दिसलं की टाकी साधारण १९६० च्या दशकातली किंवा त्याच्या आधीची समजायची. सीटीसी किंवा टीसी असेल तर कॅनडाची मान्यता. बऱ्याच टाक्यांवर दोन्ही असतात.

मग ३एए. हा साइज नाही, हा पोलादाचा आणि बनावटीचा प्रकार आहे. ३एए म्हणजे मिश्र पोलाद, क्रोम-मॉलिब्डेनम वगैरे घातलेलं. नुसतं ३ए असेल तर साधं कार्बन पोलाद, त्याच्या आधीच्या पिढीतलं, त्या टाक्यांचं प्रेशर बऱ्याचदा १८०० पीएसआय असतं. त्याच्यापुढचा आकडा म्हणजे २२५० हे कामाचं प्रेशर, पीएसआयमध्ये. बारमध्ये १५५. हा आकडा पाठ करा, पुढे सगळं त्याच्यावर आहे.

खालच्या ओळीत सीरियल नंबर, बनवणाऱ्याची खूण, आणि मग तारीख. पीएसटी दिसलं तर प्रेस्ड स्टील टँक, नॉरिस असेल तर नॉरिस. गंमत अशी की टाकीवर चिकटवलेलं स्टिकर यू. एस. डायव्हर्सचं, डॅकोरचं, व्हॉइटचं किंवा स्पोर्ट्सवेजचं असू शकतं पण टाकी घडवणारे हेच दोन-चार कारखाने. ब्रँडच्या नावावर जास्त पैसे मागणाऱ्याला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

तारीख अशी असते: ६, मग एक गोलबिल अशी छोटी खूण, मग ६८, आणि त्याच्यापुढे कदाचित एक + चिन्ह. म्हणजे जून १९६८ ला पहिली टेस्ट, पाण्याने प्रेशर देऊन करतात ती हायड्रो, तिच्याबद्दल पुढे येईलच. मधली खूण तपासणाऱ्या संस्थेची. नवखे लोक सीरियल नंबरलाच तारीख समजतात किंवा उलट, तर लक्षात ठेवा, तारखेत महिना आणि वर्षाच्या मध्ये काहीतरी असतंच. नंतरच्या टेस्टमध्ये मधे चार अक्षरांचा चौकोन असतो, दोन वर दोन खाली, तो टेस्ट करणाऱ्याचा नंबर, आणि तो घड्याळाच्या दिशेने वाचायचा: वर डावीकडून उजवीकडे, मग खाली उजवीकडून डावीकडे.

अशा तारखा मोजत जा. १९६८, १९७३, १९७९, १९८४ आणि मग काहीच नाही, म्हणजे तेव्हापासून ती कुठेतरी कोपऱ्यात पडून आहे. ते वाईटच असं नाही. कोरडी आणि बंद पडून असेल तर उत्तम, उघड्या व्हॉल्व्हने पडून असेल तर देव जाणे.

युरोपातली टाकी असेल तर शिक्के लिटर आणि बारमध्ये असतात: पाण्याची क्षमता, रिकामं वजन, कामाचं प्रेशर आणि टेस्टचं प्रेशर. इथे एक सापळा आहे. कामाचं २०० आणि टेस्टचं ३०० असे दोन आकडे शेजारीशेजारी ठोकलेले असतात आणि माणसाला साहजिकच मोठा आकडा आवडतो. तो टेस्टचा आहे, भरायचा नाही.

आणि स्पेसिफिकेशनच्या आणि प्रेशरच्या आकड्यावर एका ओळीत एक्स एक्स एक्स ठोकलेले दिसले तर विषय संपला, ती टाकी बाद झालेली आहे. शिक्के घासून सपाट केलेले असतील तर पण बादच समजा, कुणीतरी काहीतरी लपवलंय.

बहुतेक वेळा ती बहात्तरच निघेल

अमेरिकन ३एए२२५० टाकीला लोक सरसकट स्टील ७२ म्हणतात. साधारण साडेसतरा सेंटिमीटर व्यास, रिकामं वजन १३-१४ किलो, आतली जागा जवळपास १२ लिटर. ॲल्युमिनियमच्या टाक्या १९७० च्या दशकात बाजारात आल्या त्याच्या आधी डायव्हिंग म्हणजे हीच टाकी. तिच्याहून लहान ३८ क्यूबिक फुटाच्या पण मिळतात, दोन जोडून पाठीवर घ्यायचे त्या.

७२ या आकड्यात मात्र थोडी मखलाशी आहे. तिच्यात ७१.२ क्यूबिक फूट हवा मावते ती २२५० ला नाही, २४७५ पीएसआयला. हे २४७५ कुठून आलं, तर ते + चिन्ह. अमेरिकन नियमात अशी सवलत आहे की टाकीच्या शेवटच्या टेस्टच्या तारखेपुढे + असेल तर कामाच्या प्रेशरपेक्षा १० टक्के जास्त भरता येतं. २२५० चे १० टक्के २२५, झाले २४७५, म्हणजे १७० बार. + नसेल तर २२५० आणि हवा ६५ क्यूबिक फूट. आणि हे चिन्ह जन्मभराचं नसतं बरं का, १९६८ ला + होतं पण नंतरच्या टेस्टला ठोकलं नाही तर सवलत गेली, शेवटची तारीखच बघायची.

गंज

आता बूट काढा. हे सगळ्यात किळसवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. बुटात समुद्राचं पाणी जातं, बाहेर यायला जागा नसते, आणि टाकी वरून कितीही चकाचक असली तरी बुडाशी गंज चाललेला असतो. बूट निघत नसेल तर गरम पाणी ओता, थोडा साबण सोडा, आणि खालून रबरी हातोडीने ठोका. माझ्या दुसऱ्या टाकीचा बूट काढला तर आतून ओल्या मातीसारखा तपकिरी रबडा निघाला, त्यात वाळू, एक शिंपला, आणि त्याखाली बोटाच्या नखाने जाणवतील असे खड्डे. वरचा पिवळा रंग अगदी नवा होता. विकणाऱ्याने टाकी रंगवली होती आणि बूट न काढताच रंगवली होती, रंगाची रेघ बुटाच्या काठावर सरळ थांबलेली. दिसतं तसं नसतं ते असं.

त्या काळात काही टाक्यांवर जाड व्हिनाइलचं आवरण चढवायचे. दिसायला टिकाऊ, पण एकदा त्याला चीर पडली की पाणी आत शिरून पसरतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. ते पूर्ण सोलून काढल्याशिवाय आत काय आहे कळत नाही. त्यापेक्षा जस्ताचा मुलामा दिलेली म्हणजे गॅल्व्हनाइझ केलेली राखाडी टाकी दिसायला कळकट असली तरी जास्त भरवशाची.

वरवरचा गंज, जो कापडाने पुसला की हाताला लागतो आणि खाली पोलाद गुळगुळीत असतं, त्याने काही बिघडत नाही. खड्डे, एका रेषेत गेलेली खाच, पापुद्रे सुटणारा गंज हे तपासणाऱ्याला दाखवायचं, किती खोल चालतो आणि किती नाही याची मापं असतात आणि ती डोळ्याने ठरवायची नसतात. टाकी आगीत सापडल्याच्या खुणा असतील, रंग भाजून फुगलाय, व्हॉल्व्हची मूठ वितळलीय, किंवा कुणी काही वेल्ड केलंय, तर ती टाकी डायव्हिंगला नाही. हीट ट्रीटमेंट केलेलं पोलाद असतं ते, त्याला गॅसची ज्योत लावली की त्याची ताकद कुठे राहिली ते कुणी सांगू शकत नाही.

आतलं बघायच्या आधी एक कान लावायची युक्ती. टाकी रिकामी करून, बूट काढून, गळ्याने उचलून धरा (किंवा कुणाला तरी धरायला लावा, जड असते) आणि लाकडी मुठीने अंगावर हलकेच टिचकी मारा. चांगली स्टीलची टाकी घंटेसारखी वाजते, आवाज बराच वेळ लांबत जातो. आत जाड गंज किंवा पाणी असेल तर आवाज दबका, लगेच मरतो. मग तिला हळूच आडवी करून गोल फिरवा, आत खरखर, खडखड ऐकू आलं तर गंजाचे कपचे सुटलेत. ही काही अधिकृत टेस्ट नाही, पण विकत घ्यायच्या आधी दोन मिनिटांत बरंच कळतं.

आत काही टाक्यांना एपॉक्सीचा थर दिलेला असतो, लालसर, राखाडी, कधी मधाच्या रंगाचा. कल्पना चांगली होती की पोलादाला पाणी लागूच नये. पण थराला कुठे फोड आला की त्याच्याखाली गंज चढतो, वरून दिसत नाही, आणि सुटलेले पापुद्रे व्हॉल्व्हच्या नळीत जाऊन अडकतात. थर अख्खा असेल तर काही तपासणारे पास करतात, सुटत असेल तर काढावा लागतो आणि ते काम कटकटीचं आहे. नवख्या माणसाने असली टाकी घेऊच नये असं मी म्हणेन.

साधा आतला गंज मात्र घालवता येतो. टाकीत खरखरीत दगडी खडे भरून तिला रोलरवर तासन् तास फिरवत ठेवतात, मग धुवून लगेच गरम हवेने वाळवतात. लगेच म्हणजे लगेच, पाच-दहा मिनिटं गप्पा मारल्या की परत तपकिरी झाक येते.

व्हॉल्व्ह, आटे आणि ती छोटी चकती

जे-व्हॉल्व्हचं सांगून झालं. ज्याला रिझर्व्ह नाही, नुसतं उघड-बंद, तो के-व्हॉल्व्ह. ही अक्षरं म्हणजे काही तांत्रिक संज्ञा नाहीत, यू. एस. डायव्हर्सच्या जुन्या कॅटलॉगमधले ते अनुक्रम होते आणि तेच नाव पडलं. प्रेशर गेज सगळ्यांकडे नसायचे त्या काळात श्वास जड झाला की दांडी ओढायची आणि उरलेल्या हवेवर वर यायचं अशी पद्धत होती. आज जे-व्हॉल्व्ह हौसेने ठेवला तरी गेज लावायचाच, कारण दांडी कुठेतरी घासून आधीच खाली आलेली असू शकते आणि मग रिझर्व्ह म्हणून जे आहे असं वाटत असतं ते तुम्ही कधीच पिऊन टाकलेलं असतं. भरताना दांडी खाली, डाइव्हला जाताना वर, मनात घोकून ठेवा.

आट्यांचं प्रकरण जिवावर बेतणारं आहे. बहुतेक अमेरिकन टाक्यांचा गळा पाऊण इंची सरळ आट्यांचा, इंचाला १४ आटे, वर ओ-रिंग म्हणजे रबरी कडं बसतं. फार जुन्या काहींना अर्ध्या इंचाचे निमुळते आटे असतात, ओ-रिंग नाही, नळाला गुंडाळतो तशी टेप गुंडाळून पिळायचे, त्यांना आता फार कमी लोक हात लावतात. आणि युरोपियन टाक्यांचा गळा बऱ्याचदा २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे एम२५. आता एम२५ चा व्हॉल्व्ह अमेरिकन पाऊण इंची गळ्यात घातला तर तो जातो! थोडा सैल वाटतो, पण जातो, घट्ट पण होतो, आणि टाकी भरताना किंवा भरल्यावर गोळीसारखा सुटतो. १५५ बारला त्या व्हॉल्व्हवर ८०० किलोच्या वर जोर असतो. म्हणून घरातल्या डब्यातला बसतोय तो व्हॉल्व्ह बसवायचा नाही, टाकीचे आटे आणि व्हॉल्व्हचे आटे दोन्हीवरचा शिक्का वाचायचा, आणि शिक्का नसेल तर मापाच्या गेजने तपासून घ्यायचं.

व्हॉल्व्हच्या मागे एक छोटं षटकोनी बूच असतं, त्यात तांब्याची पातळ चकती. प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की टाकी फुटण्याच्या आधी ही चकती फुटते आणि हवा बाहेर पडते. तिचं रेटिंग टाकीच्या टेस्ट प्रेशरशी जुळलेलं असतं, म्हणून ३००० पीएसआयच्या टाकीचा व्हॉल्व्ह काढून २२५० च्या टाकीला लावला की चकती पण बदलावी लागते, नाहीतर ती फुटणार केव्हा, तर टाकीच्या टेस्टच्या आकड्याच्या पुष्कळ वर गेल्यावर. जुन्या बुचांमध्ये चकतीच्या मागे शिशासारखा मऊ धातू भरलेला असायचा, + ची १० टक्के सवलत घ्यायची असेल तर तसं बूच चालत नाही, नुसत्या चकतीचं लागतं. आणि चकती वारंवार फुटते म्हणून दोन चकत्या एकावर एक घालणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडून टाकी घेतली असेल तर बूच आधी उघडून बघा. उघडायचं ते टाकी रिकामी असताना, हे सांगायला नको. चकती स्वस्तातली वस्तू आहे, प्रत्येक हायड्रोला नवी टाका.

हायड्रो

अमेरिकेत ५ वर्षांनी हायड्रो टेस्ट नियमाने बंधनकारक आहे, आणि दरवर्षी व्हॉल्व्ह काढून आतून बघायचं ही डायव्हिंगवाल्यांची स्वतःची पद्धत, तिचं स्टिकर नसेल तर कुणी भरून देत नाही. ब्रिटनमध्ये ५ वर्षांनी हायड्रो आणि मध्ये अडीच वर्षांनी आतून तपासणी.

टेस्टमध्ये काय करतात तर टाकी पाण्याने भरतात, पाण्याने भरलेल्या दुसऱ्या पिंपात बुडवतात आणि आतलं प्रेशर कामाच्या ५/३ पट नेतात, २२५० साठी ३७५० पीएसआय. टाकी किंचित फुगते, तेवढं बाहेरचं पाणी सरकतं, ते मोजतात. प्रेशर सोडल्यावर टाकी परत आकसते, पण अगदी पूर्ण नाही. जेवढी फुगली होती त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त फुगवटा तसाच राहिला तर नापास. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही त्यामुळे टाकी तडकली तरी स्फोट होत नाही. हवेत तेच झालं तर? १२ लिटरची टाकी १५५ बारला, हिशोब केला तर साधारण साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा, म्हणजे एक टनाची गाडी ताशी ९५ च्या स्पीडने येऊन आदळल्यासारखं.

टेस्टला देताना तोंडाने स्पष्ट सांगा की + हवंय. त्याला थोडं वेगळं मोजमाप आणि हिशोब लागतो, लोक विचारल्याशिवाय करत नाहीत, आणि परत आल्यावर शिक्का बघून भांडण्यात अर्थ नसतो. टेस्टवाला स्कुबाच्या टाक्या नेहमी करणारा असेल तर बरं, आग विझवायच्या सिलेंडरवाले कधीकधी टाकी ओलीच परत देतात आणि मग पास झालेली टाकी तुमच्या घरी गंजते. परत मिळाल्यावर दोन दिवसांत व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडून बघून घ्या, तपासणाऱ्याकडेच.

भरणं आणि वापरणं

भरणाऱ्याला तोंडी आकडा सांगा: २२५० किंवा + असेल तर २४७५. सवयीने तो ३००० ला नेईल कारण त्याच्या दारात दिवसभर ॲल्युमिनियमच्या टाक्या येतात. मी तर चिकटपट्टीवर मोठ्या आकड्यात लिहून टाकीच्या गळ्याला लावतो. उत्तर फ्लोरिडात गुहांमध्ये जाणारे डायव्हर कमी प्रेशरच्या स्टील टाक्या सर्रास जास्त भरतात आणि त्यांना काही होत नाही अशी उदाहरणं तुम्हाला कुणीतरी देईल. द्यायचं तर देऊ दे. प्रत्येक जादा भरणीने पोलाद थोडं थोडं दमतं, आणि तुमच्या पन्नास वर्षांच्या टाकीला आधी कुणी काय काय केलंय याची नोंद खांद्यावर नसते.

सावकाश भरायला सांगा, भरताना टाकी तापते आणि गार झाली की प्रेशर उतरतं. आणि नेहमीची हवाच. जुन्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन घालून मिश्रण बनवायला जाऊ नका, आत तेलाचा अंश असेल तर पेट घेऊ शकतो, त्यासाठी वेगळी साफसफाई लागते.

पाण्यात गेल्यावर दोन गोष्टी जाणवतील. एक, हवा कमी आहे. १२ लिटर गुणिले १५५, म्हणजे १८६० लिटर. ५० बार राखून ठेवले तर वापरायला १२६०. पाण्याच्या वर मिनिटाला वीस लिटरने श्वास घेणारा माणूस १८ मीटरवर, २.८ पट प्रेशरला, मिनिटाला ५६ लिटर उडवतो, म्हणजे २२ मिनिटं. ॲल्युमिनियम ८० वर, म्हणजे ८० क्यूबिक फुटाच्या नेहमीच्या ॲल्युमिनियम टाकीवर, तोच माणूस ३१ मिनिटं काढतो. बरोबरच्याकडे ॲल्युमिनियम असेल तर आधीच बोलून घ्या, वर यायची वेळ तुमच्या गेजवरून ठरणार.

दुसरी गोष्ट सुखाची. रिकामी होत आलेली ॲल्युमिनियम ८० पाण्यात वर तरंगायला बघते, पाठ उचलली जाते, वर येताना घ्यायच्या शेवटच्या थांब्याला माणूस धडपडतो. ही बहात्तर रिकामी झाली तरी पाण्यात साधारण जागच्या जागी राहते. कमरेचं शिसं दोनेक किलो कमी करता येतं. पण किती ते अंदाजाने नाही, उथळ पाण्यात, टाकीत ५० बार असताना, बघून ठरवा. पहिली डाइव्ह तिथेच करा, गेजवर लक्ष ठेवून.

घरी आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करू नका आणि व्हॉल्व्ह उघडा टाकू नका, नाहीतर दमट हवा आत शिरते. पाण्यात असताना पण टाकी शून्यावर नेली की रेग्युलेटरमधून (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) पाणी उलट आत येऊ शकतं. दहा-पंधरा बार ठेवून बंद करा. महिनोन् महिने पूर्ण भरून ठेवणं पण बरं नाही, आत ओल असेल तर जास्त प्रेशरला गंज जोरात चालतो. बूट दर वेळी काढून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर बूट न घालता आडवी ठेवा, दोन्ही बाजूंना अडणी लावून.

त्या पिवळ्या टाकीचं काय झालं विचाराल तर ती हायड्रोपर्यंत पोचलीच नाही, बुडाच्या खड्ड्यांवर गेज ठेवल्याबरोबर तपासणाऱ्याने मान हलवली आणि मला विचारून एक्स ठोकले. मी तिचं बूड कापून घेतलं, गळ्याला दोरी बांधून दारात उलटी टांगलीय. पाहुणे तिलाच वाजवतात.